अकरा जणींचा संघ

अंधेरीच्या पश्चिमेस, वीरा देसाई मार्गावर, मुंबई महानगरपालिकेचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे. चोहोंकडे उंच इमारतींची दाटी, जवळूनच धावणारी मेट्रो, रस्त्यावर वाहनांची अखंड रीघ; आणि ह्या सगळ्याच्या मध्यभागी गवताची एक विस्तीर्ण, हिरवीगार चौकट. ह्या मैदानाला मुंबई फुटबॉल अरीना असेही म्हणतात. २०१६ पासून मुंबई सिटी ह्या व्यावसायिक संघाचे सामने येथे होत आले आहेत. परंतु ह्या मैदानाच्या इतिहासात एक सामना असा आहे, की तो झालाच नाही. झालेल्या सामन्यांची हकीकत सर्वच सांगतात. न झालेल्या त्या सामन्यापासून मात्र संघ म्हणजे काय हे अधिक चांगले कळते.

जानेवारी २०२२ मध्ये आशिया खंडातील बारा देशांच्या स्त्रियांचे संघ आशिया चषकासाठी महाराष्ट्रात आले. सामने अंधेरी, नवी मुंबई आणि पुणे येथे व्हावयाचे होते. यजमान ह्या नात्याने भारतास स्पर्धेत थेट प्रवेश होता. ह्या स्पर्धेचे महत्त्व चषकापुरते नव्हते. उपांत्य फेरी गाठणाऱ्या चारही संघांना २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेचे दार उघडणार होते, आणि भारतीय स्त्रियांनी विश्वचषकाचे मैदान तोवर कधीही पाहिले नव्हते. स्वतःच्या देशात, स्वतःच्या माणसांच्या साक्षीने ते दार उघडण्याची संधी पुन्हा केव्हा येणार!

तयारीत कसूर झाली नाही. २०२१ मध्ये स्वीडनचे टॉमस डेनर्बी ह्यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. ह्यांच्याच मार्गदर्शनाखाली स्वीडनच्या स्त्रियांनी २०११ च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवले होते. जमशेदपूर आणि कोची येथे शिबिरे भरली. नोव्हेंबर २०२१ मध्ये संघ ब्राझीलमधील मानाउस शहरी गेला. तेथे ब्राझीलने पहिल्याच मिनिटात गोल केला. पण थोड्याच वेळात मनीषा कल्याण हिने चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि बरोबरी साधली. सामना भारताने १–६ असा गमावला हे खरे. तथापि ब्राझीलच्या जाळ्यात गोल नोंदवून आलेल्या मुलींची मान पूर्वीपेक्षा ताठ झाली असल्यास नवल नाही.

मग स्पर्धेसाठी तेवीस जणींची निवड झाली. मैदानावर एका वेळी अकराच खेळतात, मग तेवीस कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर पुढे आपोआप येईल. निवडलेल्या ह्या मुली देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आल्या होत्या. आशालता देवी आणि डांगमेई ग्रेस मणिपूरच्या, इंदुमती कथिरेसन तमिळनाडूची, मनीषा कल्याण पंजाबची. गोलरक्षक अदिती चौहान दिल्लीची. तिने इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात शिकत असताना तेथील वेस्ट हॅम संघाचा गोल राखला होता. एकीची भाषा दुसरीस येत नाही, एकीचे जेवण दुसरीस रुचत नाही. पण चेंडू केव्हा सोडावयाचा आणि केव्हा राखावयाचा, हे मात्र सर्वांना एकाच भाषेत कळावे लागते. शिबिरे भरवावयाची ती ह्यासाठीच.

२० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताचा पहिला सामना इराणशी झाला. भारताने अनेकदा आक्रमण केले, संधीही मिळाल्या. पण गोल झाला नाही. सामना ०–० असा बरोबरीत सुटला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा १८–० असा फडशा पाडला आणि त्यांतील पाच गोल एकट्या सॅम कर हिने केले. बलाढ्य आणि नवख्या संघांत केवढे अंतर असते, हे त्या दिवशी अंधेरीस दिसले. भारताचा दुसरा सामना २३ जानेवारीस चिनी तैपेईशी होता आणि तिसरा, प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारीस, चीनशी अंधेरीच्या ह्याच मैदानावर.

तो काळ करोनाच्या साथीचा होता. खेळाडूंस बाहेरच्या कोणाशीही मिसळू दिले जात नसे, वारंवार तपासण्या होत. तरीही साथ शिबिरात शिरली. एकामागून एक खेळाडू बाधित निघाल्या. स्पर्धेचा नियम असा होता, की प्रत्येक संघाकडे निदान तेरा निरोगी खेळाडू असल्या पाहिजेत. २३ तारखेस, सामन्याची वेळ जवळ आली तेव्हा, भारताला तेरा खेळाडू उभ्या करता येईनात. सामना रद्द झाला. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे ठरले आणि इराणशी झालेली बरोबरीही हिशेबातून पुसली गेली. प्रतिपक्षाने हरवले असते तर निदान झुंज दिल्याचे समाधान राहिले असते. येथे तर मैदानात उतरण्यापूर्वीच सारे संपले. २६ जानेवारीस अंधेरीचे मैदान भारतीय संघाविनाच राहिले.

तेवीस कशाला, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या दुःखद प्रसंगात आहे. अकरा हा आकडा केवळ मैदानाचा आहे; संघाचा आकडा त्याहून मोठा असतो. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना ६ फेब्रुवारीस नवी मुंबईत झाला. मध्यंतरास दक्षिण कोरिया २–० ने पुढे होता. उत्तरार्धात चीनने दोन्ही गोलांची फेड केली आणि जादा वेळेत, सामना सुटता सुटता, शाओ युयी हिने तिसरा गोल करून चषक जिंकून दिला. ही शाओ युयी सामन्याच्या आरंभी मैदानावर नव्हतीच. ती राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसलेली होती.

स्त्रियांनी फुटबॉल खेळणे ही आजकालची टूम आहे असे पुष्कळांस वाटते, ते बरोबर नाही. इंग्लंडमधील प्रेस्टन गावच्या डिक-कर कारखान्यातील कामगार मुलींचा संघ पहिल्या महायुद्धाच्या काळात नावारूपास आला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक लोटले होते. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने, हा खेळ स्त्रियांस योग्य नाही असे म्हणून, आपल्या सभासद संघांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली! पन्नास वर्षांत मुलींच्या किती पिढ्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या असतील, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. भारतात स्त्रियांच्या फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली आणि अवघ्या काही वर्षांत, जानेवारी १९८० मध्ये कालिकत येथे, भारतीय मुली आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्येही त्यांनी तेच स्थान मिळवले. त्याच वर्षी शांती मलिक हिला अर्जुन पुरस्काराचा मान मिळाला. आरंभ असा उज्ज्वल होता. नंतर मात्र पुरेसे सामने नाहीत, पुरेसा पैसा नाही, अशी ओढाताण दीर्घकाळ चालली.

अमेरिकेत हे काम महाविद्यालयांनी उचलले. १९७२ मध्ये तेथे असा कायदा झाला, की सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेस मुलगे आणि मुली ह्यांत भेद करता येणार नाही. कायद्याच्या शब्दांत खेळाचा उल्लेख ठळक नव्हता. पण मुलांच्या संघावर खर्च करावयाचा तर मुलींचाही संघ हवा, हे त्यातून निघाले. १९८२ मध्ये महाविद्यालयीन मुलींची पहिली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा झाली आणि ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली. आज तेथील वरच्या श्रेणीतच तीनशेहून अधिक महाविद्यालयांचे मुलींचे संघ आहेत. त्यांचे प्रशिक्षक गावोगावच्या शाळांचे सामने पाहत हिंडतात, चांगली खेळाडू दिसली की तिचे नाव टिपून ठेवतात आणि शिष्यवृत्ती देऊन तिला आपल्या महाविद्यालयात आणतात. पुढल्या वर्षी कोण पदवी घेऊन जाणार, तिच्या जागी कोण येणार, गोलरक्षक एकच आहे तर दुसरी कोठून मिळवावयाची, ह्याचा विचार ते आदल्या वर्षीच करून ठेवतात. १९९१ मध्ये चीनमध्ये स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला तो अमेरिकेने जिंकला, आणि त्या संघाचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स हे नॉर्थ कॅरोलायनाच्या महाविद्यालयीन संघाचेच प्रशिक्षक होते, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

ह्या पद्धतीचा लाभ दूरच्या देशांनाही झाला. २०२२ च्या त्याच आशिया चषकात फिलिपिन्सचा संघ पुण्यात चिनी तैपेईला पेनल्टींवर हरवून प्रथमच विश्वचषकास पात्र झाला. त्या संघातील पुष्कळ मुली अमेरिकेत वाढलेल्या, तेथील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर तयार झालेल्या, पण मूळच्या फिलिपिनो कुटुंबांतील होत्या. त्यांना शोधून, पत्ता काढून, मायदेशाच्या संघात बोलावण्यात आले होते. त्यांपैकी सरीना बोल्डन हिने पुढे २५ जुलै २०२३ रोजी यजमान न्यूझीलंडविरुद्ध गोल केला आणि फिलिपिन्सने विश्वचषकातील आपला पहिला विजय मिळवला.

आता आपल्या उपनगरांकडे वळावे. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ह्या भागांत महाविद्यालयांना तोटा नाही. मुलीही हजारोंनी शिकतात. पण मुलींचा फुटबॉल संघ उभा करावयाचा म्हणजे महाविद्यालयाच्या जिमखान्यास मोठीच कसरत करावी लागते. अमेरिकेतील प्रशिक्षकाप्रमाणे शाळाशाळांतून तयार खेळाडू वेचून आणणे येथे क्वचितच शक्य होते, कारण उपनगरांतील बहुतेक शाळांत मुलींना चेंडू लाथाडण्यापुरतीही मोकळी जागा नसते. तेव्हा ज्या मुली दुसरा एखादा खेळ खेळत आल्या आहेत, त्यांच्यातूनच फुटबॉलपटू घडवाव्या लागतात. जाणता क्रीडाशिक्षक प्रवेशाच्या दिवसांतच चौकशी करू लागतो: शाळेत कोण काय खेळत होते?

खो-खो खेळलेली मुलगी त्याला विशेष हवी असते. भर वेगात धावताना एकाएकी वळणे, हुलकावणी देणे, पाठलाग करणाऱ्याचा अंदाज चुकवणे हे तिच्या अंगी मुरलेले असते. तिला मैदानाच्या कडेने आघाडीवर खेळवता येते. कबड्डीतील मुलगी अंगावर येणाऱ्यास भीत नाही आणि पाय रोवून उभी राहते; ती बचावफळीत शोभते. लांब पल्ल्याची धावपटू मधल्या फळीसाठी उत्तम, कारण तेथील खेळाडूस नव्वद मिनिटे पुढे-मागे धावावे लागते. राहता राहिली गोलरक्षक. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच अशा चौकटीत एकटीने उभे राहावयाचे, चेंडूवर झेप घ्यावयाची, चिखलात पडावयाचे आणि गोल झाला की सर्वांच्या नजरा झेलावयाच्या. ह्या कामास स्वखुशीने पुढे येणाऱ्या मुली विरळा. बहुधा हँडबॉल किंवा बास्केटबॉल खेळणारी एखादी उंच मुलगी मिळवून तिचे मन वळवावे लागते. एक मिळाली तर दुसरी राखीव हवीच. पण ती न मिळाल्यामुळे ज्यांच्या साऱ्या आशा एका मुलीच्या घोट्यावर अवलंबून राहतात असे संघ कमी नाहीत.

निवड होते ती ऐन पावसाळ्यात. मुंबईच्या उपनगरांत एकट्या जुलै महिन्यात सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मैदानात पाणी साचते, चेंडू चिखलात रुतून बसतो, पांढऱ्या रेघा वाहून जातात. पहिल्या दिवशी उत्साहाने नावे देणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी पंधरवड्यात दिसेनाशा होतात. काही महाविद्यालये तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या लहान मैदानांचा आश्रय घेतात. त्यांस सर्वजण टर्फ म्हणतात. टर्फवर चेंडू झटपट देण्या-घेण्याची सवय चांगली लागते. परंतु पूर्ण मैदान शंभर मीटरांच्या आसपास लांब असते, आणि तेथे उतरल्यावर टर्फवर शिकलेल्या मुलींचा श्वास अर्ध्या तासात फुलू लागतो. ही उणीव सामन्याच्या उत्तरार्धात उघडी पडते.

मैदानापर्यंत पोहोचणे हाही एक खेळच आहे. सकाळी सहाच्या सरावासाठी बोरिवलीच्या मुलीला पाचच्या आधी उठावे लागते. मुलुंडच्या मुलीला अंधेरीस यावयाचे तर पूर्वी दादरला जाऊन गाडी बदलावी लागे किंवा तासन्‌तास बसमध्ये काढावे लागत. जून २०१४ मध्ये घाटकोपर ते वर्सोवा ही मुंबईतील पहिली मेट्रो सुरू झाली. सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या ह्या मार्गाने पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडली गेली, आणि आझादनगर स्थानकावर उतरले की क्रीडासंकुल जवळच आहे. मेट्रो बांधणाऱ्यांच्या मनात फुटबॉल खचितच नसेल. पण खांद्याला बुटांची पिशवी अडकवून उभ्या राहिलेल्या मुलींना तिचा मोठा उपयोग झाला आहे.

त्याहून अवघड असते ती घरची परवानगी. मुलगी उन्हात काळवंडेल, पाय मोडून घेईल, अंधार पडल्यावर परतेल, अभ्यास बुडेल, ह्या आईवडिलांच्या शंका अगदीच निराधार म्हणता येत नाहीत. घोटा मुरगळतो, गुडघा दुखावतो, आणि सत्र परीक्षाही नेमक्या सामन्यांच्या दिवसांतच येतात. ह्यावर शहाणा क्रीडाशिक्षक वाद घालीत बसत नाही. तो घरी जातो, चहा घेतो आणि पालकांना सरावाच्या वेळा लिहून देतो. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव आहेत, रेल्वे आणि पोलीस दलेही खेळाडूंस नोकरी देतात, हेही तो सांगतो. वर ज्या इंदुमतीचा उल्लेख आला, ती तमिळनाडूच्या पोलीस दलात उपनिरीक्षक झाली. नोकरीचे नाव निघाले की बहुतेक वडील थोडे सावरून बसतात. आईचे मन मात्र पुष्कळदा दुसऱ्याच कारणाने वळते: शेजारच्या इमारतीतील मुलगीही जाणार असते आणि दोघी बरोबर परतणार असतात.

अशा रीतीने ऑगस्ट उजाडेतो पंधरा-सोळा मुली टिकतात. खेळाच्या नियमांनुसार एखाद्या संघाकडे सातांहून कमी खेळाडू उरल्या तर सामना चालू ठेवता येत नाही. म्हणून सोळा ही संख्या कागदावर भरघोस दिसते. पण त्यांतील दोघी तापाने आजारी पडल्या, एकीचे प्रात्यक्षिक त्याच दिवशी आले, एकीच्या बहिणीचे लग्न निघाले आणि एकीचा घोटा सुजला, म्हणजे अकराच राहतात. मग बाकावर कोणीच नसते, आणि थकलेल्या मुलीला बाहेर घेण्याची सोय उरत नाही. म्हणून राखीव खेळाडूंनाही पहिल्या अकरा जणींइतकाच सराव द्यावयाचा, त्यांनाही जागा वाटून द्यावयाच्या, हे काम प्रशिक्षकाने जुलैतच करावे लागते. प्रत्यक्षात बाकावरच्या मुलींकडून पाण्याच्या बाटल्या भरून घेण्यापलीकडे त्यांच्याकडे लक्ष देणारे प्रशिक्षक थोडे नाहीत, आणि मग त्या मुली दुसऱ्या वर्षी येत नाहीत.

ऋतूच्या आशाआकांक्षांचे म्हणाल, तर त्या फार लांबचा हिशेब करू देत नाहीत. महाविद्यालयांमधील सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. हरला तो संघ त्या वर्षापुरता बाहेर. तीन महिने पहाटे उठून, चिखल तुडवून केलेल्या तयारीचा निकाल एखाद्या दुपारी दीड तासात लागू शकतो, आणि कित्येक संघांचा अख्खा ऋतू एका सामन्याचाच असतो. तरी तेवढ्यानेच त्या मुलींचा खेळ संपत नाही. विद्यापीठाचा संघ निवडताना केवळ विजेत्या महाविद्यालयातील मुली घेतात असे नाही. हरलेल्या संघातील चांगली बचावपटूही निवडणाऱ्यांच्या नजरेत भरते. विद्यापीठाच्या संघांचे सामने आधी विभागवार होतात. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आदी प्रदेशांतील विद्यापीठे येतात, आणि तेथे वरचे स्थान मिळवणारे संघ अखिल भारतीय स्पर्धेस जातात. पंचवीस वर्षे वयापर्यंतच्या विद्यार्थिनींना ह्या स्पर्धांत खेळता येते.

तेथून पुढची वाटही आता पूर्वीइतकी अंधारी राहिलेली नाही. २०१७ च्या आरंभी देशातील स्त्रियांची फुटबॉल लीग सुरू झाली आणि २०२० मध्ये तीत मुंबईचा केंकरे आणि कोल्हापूरचा एफ. सी. कोल्हापूर सिटी असे महाराष्ट्राचे दोन संघ खेळले. आणि ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे भारतीय स्त्रियांनी यजमान थायलंडला २–१ असे हरवून २०२६ च्या आशिया चषकात स्थान मिळवले. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर हिचे होते. ह्या वेळी यजमानपदाचा प्रवेश नव्हता. पात्रता फेरी खेळून, जिंकून मिळवलेला होता. ही वार्ता आली त्या आठवड्यात उपनगरांतील महाविद्यालयांत नवे वर्ष नुकतेच सुरू होत होते, पाऊस कोसळत होता, आणि जिमखान्यांच्या फलकांवर संघनिवडीच्या सूचना लागू लागल्या होत्या.